परिवहन खात्याला खुलं पत्र: साहेब, ॲव्हरेज विचारता ते भरून की रिकामी?

प्रति,
परिवहन विभाग, पर्यावरण विभाग आणि साखर आयुक्तालयातली सगळी साहेब मंडळी,

नमस्कार. मी कराडच्या बाजूचा ट्रकवाला. दोन गाड्या आहेत, दोन्ही दहा चाकी, एक २०१७ ची बीएस ४ आणि एक बीएस ६, तिचे हप्ते अजून चालूयत. नोव्हेंबर ते मार्च ऊस, बाकीचे महिने मिळेल ते भाडं, पेंड, खत, सिमेंट, कधी कोकणातून चिरा. पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे कुठे लांबलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की मागच्या हंगामात तासवडे टोलच्या अलीकडे एका धाब्यावर आमची गाडी उभी होती. दोन पोरं आली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. म्हणाली काका, सर्व्हे चाललाय, मालवाहतुकीची कार्यक्षमता आणि प्रदूषण, पाचच मिनिटं लागतील. मी म्हटलं बसा, चहा सांगतो. पहिला प्रश्न, गाडी किती ॲव्हरेज देते? मी विचारलं, भरून का रिकामी? पोरगं टॅबकडे बघायला लागलं, वर सरकवून बघितलं, खाली सरकवून बघितलं, मग म्हणालं, काका एकच बॉक्स आहे. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर, वयाने मोठा म्हणून मी त्याला मामाच म्हणतो, तो बाजेवरूनच ओरडला, चार लिही रे आणि सोड आम्हाला. त्याने चार लिहिलं. मग बीएस किती, पीयूसी आहे का, गाडीचं वय काय, धन्यवाद काका, आणि पोरं पुढच्या गाडीकडे गेली. गाडीत काय भरलंय, किती टन भरलंय, परत जाताना काय असणार, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या पोरांचा दोष नाही, बॉक्सच नव्हता.

तो एक बॉक्स तेव्हापासून डोक्यात बसलाय म्हणून हे पत्र.

आता ऐका. माझी गाडी उसाचे अठरा टन भरून (कागदावर अठराच धरा) लीटरला साडेतीन किलोमीटर जाते. रिकामी साडेपाच. समजा उसाचा फड, म्हणजे तोड चालू असलेलं रान, कारखान्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. भरून जाताना डिझेल लागलं साडेअकरा लीटरच्या आसपास, रिकामी परत येताना सव्वासात. मिळून ८० किलोमीटर, पावणेएकोणीस लीटर, ॲव्हरेज निघालं चार पॉइंट अठ्ठावीस. बघितलंत का काय झालं ते? भरलेली गाडी साडेतीन देत होती, रिकामी परत आणली तर ॲव्हरेज सुधारलं! मी उद्यापासून दोन्ही बाजूंनी रिकामीच पळवली तर तुमच्या बॉक्समध्ये साडेपाच येईल आणि कदाचित सत्कारपण होईल माझा. कामाचं म्हणाल तर शून्य.

म्हणून ट्रकचं मोजमाप किलोमीटर प्रति लीटरमध्ये करणंच चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मोजायचं असेल तर टन-किलोमीटर मोजा. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर, एवढं सोपं आहे. भरलेली गाडी अठरा टन गुणिले साडेतीन, म्हणजे लीटरमागे ६३ टन-किलोमीटर काम करते. पण परतीचं रिकामं डिझेल त्यात धरलं, आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत गाडी पुढे पुढे सरकवायला, पुन्हा पुन्हा चालू करायला जातं ते दोन-तीन लीटर धरलं, तर डिझेल होतं पावणेबावीस लीटरच्या जवळ आणि काम झालेलं असतं ७२० टन-किलोमीटर. भागून बघा, ३३ येतात. ६३ चे ३३. अर्धं डिझेल कुठे गेलं हे सांगणारा एकही रकाना सरकारच्या कुठल्या फॉर्मवर मी तरी बघितलेला नाही.

धुराचं पण यातूनच निघतं. एक लीटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या जरा खाली, २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मला हे पटतच नव्हतं, लीटरभर डिझेलचं वजनच किलोच्या आत आहे तर धूर पावणेतीन किलो कसा, पुतण्या केमिस्ट्री शिकतोय त्याने समजावलं की बाकीचं वजन हवेतला ऑक्सिजन जोडला जातो त्याचं. तर वरच्या फेरीला ५८ किलो. म्हणजे टनाला सव्वातीन किलोच्या आसपास, आणि त्यातला जवळजवळ अर्धा रिकाम्या फेरीचा आणि यार्डातला. इंजिन नवीन घेतलं, टायर चांगले टाकले, ड्रायव्हरला ट्रेनिंग दिलं, तर किती वाचेल? वाचेल, पण निम्मं नाही. इकडे निम्मं वाया जातंय त्याला हात लावायचा नाही.

उसाचं तर वेगळंच आहे. अठरा टन उसातून साखर निघते दोन टनाच्या आसपास, बाकी पाणी आणि चिपाड, म्हणजे आम्ही मुख्यतः पाणी वाहतो. म्हणून तर कारखाना उसाच्या जवळ काढतात ना. पण हंगामात कधीतरी रात्री कराड-तासगाव रस्त्यावर उभे राहा, स्वतः या, गाडीची काच खाली करून बघा. उसाने भरलेला एक ट्रक पूर्वेला चाललेला दिसेल आणि तसाच भरलेला दुसरा पश्चिमेला. तोच ऊस, त्याच जातीचा. त्याचा ऊस याच्या गावाजवळच्या कारखान्याला आणि याचा त्याच्या. समोरासमोर आले की आमची पोरं एकमेकांना हॉर्न देतात, हात करतात, आणि दोघं आपापल्या लांबच्या कारखान्याकडे जातात. मामा म्हणतो, इथंच मोळ्या बदलून घेतल्या असत्या तर जेवायला घरी पोचलो असतो.

आता लगेच कोणी म्हणू नका की हा झोनबंदी, म्हणजे आपल्या हद्दीतल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, परत आणा म्हणतोय. अजिबात नाही. शेतकऱ्यांनी भांडून ती उठवली ते बरंच झालं, माझीपण दोन एकर आहे, जो दर देईल त्याला ऊस घालायचा हक्क मी सोडणार नाही. दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर तुम्ही ठेवलंच आहे, ते कारखानदाराच्या सोयीचं. माझं म्हणणं एवढंच की या स्वातंत्र्याची डिझेलमध्ये किंमत किती हे एकदा मोजून सगळ्यांपुढे ठेवा. तोडणी-वाहतुकीचा खर्च बरेच कारखाने सरासरी काढून सगळ्यांच्या बिलातून सारखाच कापतात, कारखान्याच्या भिंतीला लागून ज्याचं रान आहे त्याच्याकडूनही तेवढाच आणि साठ किलोमीटरवरून ज्याचा ऊस येतो त्याच्याकडूनही तेवढाच. जवळचा शेतकरी लांबच्याचं डिझेल भरतोय आणि त्याला माहीतच नाही. मोजलं असतं तर त्याने केव्हाच सर्वसाधारण सभेत माइक ओढून घेतला असता.

आणि मोजायला नवीन काही लागत नाही हो, हेच तर सांगायचंय. काट्यावर गाडी गेली की पावती मिळते. तिच्यावर गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सगळं असतं. आमचं वाहतुकीचं बिल किलोमीटरच्या टप्प्याने निघतं, म्हणजे अंतरही कारखान्याकडे आहे. वजन आहे, अंतर आहे, यार्डात गाडी किती तास कुजली तेही आहे. एका हंगामात मला एका कारखान्यावर, नाव सांगत नाही, दोन दिवस नंबर लागला नव्हता, गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, बंद पडली होती म्हणे, ऊस वाळून वजनात घट आली ती शेतकऱ्याची आणि भत्ता गेला तो माझा. तेही त्या पावतीवर छापलेलं आहे, आत आल्याची तारीख एक आणि बाहेर पडल्याची तारीख दोन दिवसांनंतरची. पण ती पावती बिल निघेपर्यंत जिवंत, नंतर गठ्ठ्यात. कोणी वजनाला अंतराने गुणत नाही आणि डिझेलने भागत नाही.

उसाचं सोडा, हायवेचं घेऊ. माल पन्नास हजाराच्या वर किमतीचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला लागलं आणि मग राज्यातल्या राज्यातपण आलं, फक्त महाराष्ट्रात तिथे मर्यादा एक लाखाची. त्यात गाडी नंबर असतो, कुठून कुठे ते असतं, पिनकोड टाकला की अंतर आपोआप येतं. मालाची नोंद झाली. पण माल उतरवून मी रिकामा परत निघालो की? रिकाम्या गाडीचं ई-वे बिल कोण काढतं? सरकारच्या कागदावर माझी गाडी तिकडेच गायब झाली. प्रत्यक्षात मात्र मी किणी, तासवडे टोल देत, डिझेल जाळत घरी येतोय. आणि टोलवर फास्टॅग आहे, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सगळ्यांना सक्तीचा, तिथे माझा नंबर आणि मिनिटासकट वेळ पडते. म्हणजे फास्टॅगमध्ये गाडी दिसतेय पण त्या वेळेचं त्या गाडीचं ई-वे बिल नाही, तर ती बहुतेक रिकामी! काही गाड्या सूट असलेला शेतमाल किंवा कमी किमतीचा माल नेत असतील, तेवढं सोडा. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर कुठल्या टोलवरून, कुठल्या दिशेने, कुठल्या महिन्यात किती गाड्या रिकाम्या पळतात हे कळेल, एकही पोरगं टॅब घेऊन धाब्यावर पाठवायला नको. आणि ते टोलनिहाय उघडं केलंत, नंबर वगैरे काढून, तर आम्हालाच कळेल ना की कुठल्या बाजूला परतीचं भाडं मिळण्यासारखं आहे. आज ते फक्त ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या दलालाला माहीत असतं आणि तो कमिशन घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही.

पीयूसीबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ॲक्सिलरेटर दाबायचा, धूर किती काळा ते मशीन सांगतं. झालं. माल भरून घाटात चढताना काय बाहेर पडतं त्याचा याच्याशी काय संबंध? डिझेल किती जळतं तेही त्यात नाही. आणि एका ठिकाणी तर माझ्या गाडीला नळीसुद्धा लावली नाही, नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढला, प्रिंट हातात दिली. मी पण पैसे देऊन निघालो, खोटं कशाला बोलू, मला घाई होती.

बरं, जिथे तुम्ही डिझेल मोजायचा नियम केलात तिथेही गंमत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने जड गाड्यांसाठी इंधनाचे निकष काढले. चाचणी कशी, तर गाडी पूर्ण भरायची आणि ठरावीक एकाच स्पीडने चालवायची, ४० ला आणि ६० ला. भरून घेतात हे चांगलंच आहे. पण हेळवाकपासून पोफळीपर्यंत कुंभार्ली घाटात या माझ्याबरोबर, एकाच स्पीडने चाळीस दाखवा मला, मी तुमचा नोकर. चिरा भरून वर येताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत येते गाडी, पावसाळ्यात तर विचारू नका, तिथलं ॲव्हरेज मी तोंडाने सांगतच नाही. सपाटीचा आकडा सपाटीला ठीक. आमच्या भागातली निम्मी वाहतूक घाटावर-घाटाखाली आहे, तिचा आकडा वेगळा काढायला नको का?

चुकीचा आकडा पकडला की माणूस चुकीचं वागतो, हे पण सांगतो, कारण हे जीवावर बेततं. बरेच मालक ड्रायव्हरला फेरीचं डिझेल बांधून देतात. एवढ्या लीटरमध्ये जाऊन ये, वाचलं तर तुझं. मग ड्रायव्हर काय करतो, उतार आला की न्यूट्रल मारतो, काही जण इंजिनच बंद करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने एकामागोमाग कितीतरी गाड्या उडवल्या, तेव्हा उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती असं पोलिसांनी सुरुवातीला सांगितलं होतं. आणि यातला खरा मूर्खपणा असा की हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर डिझेल आपोआप बंद होतं. न्यूट्रल मारलं तर उलट इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जातंच. म्हणजे जीव धोक्यात घालून डिझेल वाढवायचं! मी मामाला हे सांगायला सहा महिने घेतलेत, अजून तो कधीकधी मारतोच.

या बाबतीत एसटीचं मला कौतुक वाटतं. तिकडे केएमपीएल, म्हणजे लीटरला किती किलोमीटर, ते तर बघतातच पण भारमान पण बघतात, म्हणजे गाडी धावली तेव्हा आत माणसं किती होती. आपल्याकडे गावातल्या म्हाताऱ्यालासुद्धा भारमान हा शब्द माहीत असतो, कारण भारमान नाही म्हणून गाडी बंद केली हे त्याने ऐकलेलं असतं. ४४ सीटची लालपरी लीटरला पाच किलोमीटर देते धरलं आणि भरलेली असली तर एका लीटरमध्ये दोनशे वीस माणसं एकेक किलोमीटर गेली. मोटरसायकल पन्नास देते, डबलसीट धरली तरी शंभर. पण त्याच लालपरीत दुपारी पाच जण बसलेले असले तर झाले पंचवीस, एकट्या मोटरसायकलवाल्याच्या निम्मे. गाडी तीच, इंजिन तेच, केएमपीएल पण तेच. एसटीला हे कळलेलं आहे, मग ट्रकला भारमान का नाही?

इलेक्ट्रिकचं पण असंच सरसकट नका करू. माझा विरोध नाही, स्टँडवर धूर कमी होतोय हे दिसतंय. पण एसी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट घेते आणि आपल्याकडचं एक युनिट अजून बरंचसं कोळशाचं, सरासरी सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोमीटरला सातशे ते नऊशे ग्रॅम. पाच देणाऱ्या साध्या लालपरीचे निघतात ५४० ग्रॅम, अधिक रिफायनरीत जे काय जातं ते. एसी डिझेल बसशी तुलना केलीत तर बरोबरीत येतं, आणि सोलर वाढेल तसा विजेचा आकडा खाली येत जाईल, डिझेल गाडीसारखा एकदा ठरला की पंधरा वर्षं तसाच, असं त्याचं नाही. म्हणून शून्य प्रदूषण असा बोर्ड लावू नका, बसमागे, माणसामागे जो आकडा येतो तो लावा आणि दरवर्षी बदला. लोकांना कळतं हो, लोक इतके बावळट नाहीत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मोजणी म्हटलं की आमच्या लोकांना घाम फुटतो, कारण आजपर्यंत सरकारने आमचं जे जे मोजलं त्याचा शेवट चलनात झाला. वजन मोजलं, चलन. स्पीड मोजला, चलन. २०१८ मध्ये दहा चाकीचं पासिंग, म्हणजे गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा, २५ टनावरून साडेअठ्ठावीस केलंत तेव्हा आनंद झाला, पण भाडं लगेच त्या हिशोबाने टनामागे खाली आलं, म्हणजे जास्त भरून पैसे तेवढेच. त्यामुळे पहिली दोन वर्षं तरी हे आकडे फक्त बघायला वापरा, दंडाला नको, आणि ते लेखी द्या. नाहीतर ट्रकवाला डिझेलची खोटी वही लिहायला एका रात्रीत शिकतो, आम्हाला शिकवावं लागत नाही.

मला तुमच्याकडून हवंय ते फार नाही. ऊस नियंत्रणात येतो, कारखाने साखर आयुक्तालयाला रोजचं गाळप कळवतातच, त्याच तक्त्यात सरासरी अंतर आणि यार्डातले सरासरी तास असे दोन रकाने वाढवा, येणाऱ्या हंगामापासून. गाळप रोज सांगता येतं तर हेही सांगता येईल, काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच. टोलचं आणि ई-वे बिलाचं जुळवायचं काम परिवहन आणि जीएसटीवाल्यांनी एकत्र बसून करायचंय, ते एकत्र बसतील का याची मला शंका आहे पण विचारून बघायला काय जातं. आणि पुढच्या वेळी पोरं पाठवाल तेव्हा टॅबमध्ये तीन बॉक्स द्या, भरून किती, रिकामी किती, आणि आत्ता आत काय आहे.

सोबत मागच्या हंगामातल्या एका पावतीचा फोटो जोडलाय. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि कारखान्याचं नाव पेनाने खोडलंय, बाकी वजनं आणि वेळा तशाच आहेत. पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या फेरीचं डिझेल मी लिहिलंय, जाताना, येताना आणि यार्डात असं वेगळं. अक्षर मामाचं आहे, त्याने साताच्या आकड्यावर आडवी रेघ मारलीय, तो एक नाही सात आहे.

आपला,
दोन ट्रकचा मालक, मुक्काम कराडजवळ